वस्तूची स्थिती: उत्तम

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०
मागची खोली महिनाअखेरपर्यंत रिकामी करायची. बाबा राहायला येतायत, कायमचे. आई गेल्यापासून ते ताईकडेच आहेत. काल ताईचा फोन आला, म्हणाली बाबांच्या मनात तुझ्याकडे यायचं आहे. ताईला जड झालं असणार, पण ती तसं बोलायची नाही. मी ताबडतोब हो म्हटलं. खोली तयारच आहे, असंही म्हटलं. तयार म्हणजे भिंती आहेत, खिडकी आहे, पंखा आहे. फक्त आत शिरता येत नाही.

आत माझं कलेक्शन आहे. सिनेमांच्या डिस्क, व्हिडिओ गेम्स, पुस्तकं. नोकरीच्या वीस वर्षांत एकेक करून जमवलेलं. बायको त्याला अडगळ म्हणते. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. दिवसभर लोकांचं रक्त बघून माणूस कलेकडे तसाच बघायला लागतो.

दुसरा मुद्दा. नोकरी गेल्याचं बाबांना माहीत नाही. टाइल्सच्या कंपनीत डिस्पॅच मॅनेजर होतो. नोव्हेंबरात कंपनीची पुनर्रचना झाली आणि त्या रचनेत मी बसलो नाही. ताईला सांगितलंय, पण तिला शपथ घातली आहे. बायको म्हणते, बाबांनाही सांगून मोकळा हो. सांगणारच आहे. पण रिकाम्या हाताने नाही. बाबा येतील तोवर माझा स्वतःचा बिझनेस उभा असेल. मग दोन्ही बातम्या एकदम द्यायच्या.

बिझनेस कुठला ते या आठवड्यात ठरवायचं.

त्याच दिवशी, दुपारी ३.१५
ठरला!

एक ऑनलाइन दुकान सापडलं. वापरलेले गेम्स, सिनेमे, पुस्तकं त्यांना द्यायची. ते त्याबद्दल क्रेडिट देतात. ॲप उघडायचं, वस्तूवरचा बारकोड मोबाइलला दाखवायचा, किती क्रेडिट मिळणार ते लगेच दिसतं. खोकं भरलं की कुरिअरवाला घरी येऊन फुकट घेऊन जातो. म्हणजे खोली रिकामी होणार आणि वर मोबदला. एवढी साधी गोष्ट चार महिन्यांत कोणाला सुचली नाही या घरात.

५ मार्च, बुधवार
स्कॅनिंग चालू. दिवसभरात सोळा वस्तू झाल्या. वेग कमी वाटेल, पण प्रत्येक सिनेमा देण्याआधी एकदा बघून घेतो. पुन्हा थोडाच मिळणार आहे.

ॲप प्रत्येक वस्तूची स्थिती विचारतं: उत्तम, चांगली, ठीक. मी सगळीकडे उत्तम टाकतो. आपणच आपल्या वस्तूला ठीक म्हटलं तर गिऱ्हाइकाने काय म्हणायचं?

आणखी एक प्रश्न आला. तपासणीत एखादी वस्तू नाकारली तर काय करायचं? परत पाठवायची (खर्च तुमचा) की विल्हेवाट लावायची? विल्हेवाट. नेहमीसाठी हाच पर्याय ठेवू का? हो. अर्ध्या सेकंदात दोन निर्णय. निर्णय घ्यावा तर यानेच, असं आमचे साहेब म्हणायचे. पुनर्रचना त्यांनीच केली, ती गोष्ट वेगळी.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी ११.२०
बाबांचा फोन. हल्ली रोज अकरा वाजता करतात. पूर्वी आठवड्यातून एकदा करायचे. वय झालं की वेळ जात नाही.

कामावर आहेस का, विचारलं. हो म्हटलं. वॉशिंग मशीन चालू करून त्याच्या शेजारी उभा राहिलो होतो. गोदामाचा आवाज हुबेहूब येतो. फार गडबड दिसते, म्हणाले. मी म्हटलं, दोन गाड्या लागल्यायत, माल उतरतोय. जेवलास का वेळेवर, वगैरे झालं. मग बरं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मशीनमध्ये कपडे नव्हते. बायकोला पाण्याचं बिल जास्त का येतं ते कळत नाहीये. योग्य वेळी सांगेन.

११ मार्च, मंगळवार
पहिली खेप रवाना. तीन खोकी. कुरिअरवाल्याने उचलताना तोंड वाकडं केलं. त्याला म्हटलं, बाबा रे, मीसुद्धा याच लाइनमधला आहे. त्याने विचारलं, कुठं? मी म्हटलं, मॅनेजमेंटला. पावती देऊन गेला.

खोलीत आता पाऊल ठेवता येतं. एक. दुसरं ठेवायला पुढची खेप जावी लागेल.

१४ मार्च, शुक्रवार
क्रेडिट जमा: दोनशे बारा. ॲपने आधी साडेचारशे दाखवलं होतं. तपासणीत काही वस्तूंची स्थिती उत्तमवरून ठीकवर उतरवली आणि काही नाकारल्या. नाकारलेल्यांची विल्हेवाट. असो, बिझनेसमध्ये घट धरावीच लागते. टाइल्समध्येही फुटतूट असायची.

हे दोनशे बारा बँकेत कसे घ्यायचे म्हणून त्यांच्या मदतनीसाशी चॅट केलं. तो म्हणाला, बँकेत नाही घेता येत सर, क्रेडिट आमच्याच दुकानात वापरायचं. मी म्हटलं, वापरून काय घ्यायचं? तो म्हणाला, वापरलेले गेम्स, सिनेमे, पुस्तकं.

चॅट बंद केलं.

मग लक्षात आलं की हा तोटा नाहीच. ही सक्तीची बचत आहे. हातात पैसे आले असते तर खर्च झाले असते.

बायकोने जेवताना विचारलं, किती मिळाले. दोनशे बारा म्हटलं. तिचा चेहरा जरा खुलला. कशाचे दोनशे बारा ते तिने विचारलं नाही, मीही फाटे फोडले नाहीत.

१७ मार्च, सोमवार
स्ट्रॅटेजी तयार आहे. कागदावर बाण काढून आकृती केली.

दुकानात 'मिश्र संच' मिळतात. आत काय आहे ते सांगत नाहीत, म्हणून स्वस्त. क्रेडिटवर असे संच घ्यायचे, फोडायचे, त्यातल्या भारी वस्तू वेगळ्या काढून त्याच दुकानाला परत द्यायच्या. त्या क्रेडिटवर आणखी संच. चक्र एकदा फिरायला लागलं की थांबत नाही.

मुलीला आकृती दाखवली. ती कॉलेजात कॉमर्सला आहे, तिलाही धडा मिळावा हा हेतू. तिने विचारलं, ते दुकान तुम्हाला तीनला विकतं आणि तुमच्याकडून एकला घेतं, मग तुमचं काय उरतं? मी म्हटलं, उलाढाल. ती आकृतीकडे बघत राहिली आणि मग तिच्या मैत्रिणीचा फोन आला.

सगळे दोनशे बारा लावले. एक्याऐंशी वस्तू येतायत.

२० मार्च, गुरुवार
संच आले. सहा खोकी. खोलीत ठेवायला गेलो तर जी पाऊलभर जागा झाली होती ती गेली. दोन खोकी पॅसेजमध्ये आहेत, तात्पुरती. न्हाणीघराकडे जाताना जरा अंग चोरावं लागतं.

फोडून बघितलं. बहुतेक व्यायामाच्या डिस्क आहेत. स्वयंपाकाची पुस्तकं चौदा, त्यातली पाच एकच. एक सिनेमा हातात घेतला तर कव्हरवर कपाचा गोल डाग. हा डाग ओळखीचा वाटला. ओळखीचा म्हणजे माझाच. मीच ११ तारखेला पाठवलेली डिस्क मला परत विकली त्यांनी.

रागावलो नाही. उलट त्यांची यंत्रणा किती वेगवान आहे ते कळलं. रात्री तो सिनेमा पुन्हा बघितला.

२३ मार्च, रविवार
ताईने बाबांची पुस्तकं पुढे पाठवून दिली. टेम्पोने, चार मोठी खोकी. विचारायचं तरी! पण खोली तयार आहे असं मीच सांगून बसलोय, तेव्हा बोलता येईना. हॉलमध्ये सोफ्यामागे लावली.

बाबा चाळीस वर्षं छापखान्यात बाइंडर होते. त्यांना पुस्तकाचं कव्हर कधीच आवडलं नाही. पुस्तक आणलं की पहिल्यांदा कव्हर फाडून टाकायचे. मग पानं सोडवायची, पुन्हा शिवायची, पुठ्ठा, वर कापड. कथा कादंबऱ्यांना निळं, बाकीच्यांना काळं. नाव नाही, चित्र नाही, काही नाही. आई म्हणायची, शाळेतल्या मुलांना गणवेश घालावा तसं करून ठेवलंय. मी लहानपणी दोऱ्याचं दुसरं टोक धरून बसायचो. माझा हात हलला की टपली बसायची.

आता त्यांना फारसं वाचता येत नाही, डोळे गेलेत. पण पाठीवरून बोट फिरवून कुठलं पुस्तक ते अजून सांगतात.

एक खोकं उघडलं. सरसाचा तोच वास. का कोण जाणे, लगेच बंद केलं. पॅसेजमधली खोकी नीट लावायची होती.

२५ मार्च, मंगळवार. सकाळी ११.१०
बाबांचा फोन. वॉशिंग मशीन चालू. पुस्तकं पोचली का? पोचली. कुठे ठेवलीस? तुमच्या खोलीत, खिडकीशी. शेल्फ केलंयस का? हो. सागवानी आहे, असंही निघून गेलं तोंडातून. चांगलं केलंस, म्हणाले. आवाजावरून खूश वाटले.

सागवानी शेल्फची किंमत बघून ठेवायची.

२७ मार्च, गुरुवार
आज जो विचार सुचला त्याला तोड नाही. शांतपणे लिहितो.

एक: दुकानाची ऑफर आली आहे. रविवारपर्यंत पुस्तकं दिली तर पाव पट क्रेडिट जास्त.
दोन: दुकानात एक वापरलेला ई-रीडर आहे. अक्षरं हवी तेवढी मोठी होतात, वाचूनही दाखवतो.
तीन: बाबांना बारीक अक्षरं दिसत नाहीत.
चार: बाबांची पुस्तकं हॉलमध्ये आहेत आणि खोलीत जागा नाही.

म्हणजे बाबांची पुस्तकं देऊन बाबांनाच ई-रीडर घ्यायचा. ते आले की हातात ठेवायचा. चार खोक्यांची पुस्तकं तळहातावर! आणि शेल्फही लागणार नाही.

बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती, तिचा हात थांबला. बाबांना विचारलंस का, म्हणाली. मी म्हटलं, विचारलं तर सरप्राइज कसलं? ती म्हणाली, त्यांची आहेत ती पुस्तकं. मी म्हटलं, त्यांच्यासाठीच करतोय. ती पुन्हा भाजी चिरायला लागली. चार महिने एकटीच्या पगारात घर भागवून ती दमते, म्हणून मी वाद वाढवत नाही.

२९ मार्च, शनिवार
बाबांची पुस्तकं भरली. बारकोड नाहीत, कारण कव्हरच नाहीत. पण आतल्या पानावर छापलेला नंबर हाताने टाकता येतो. दिवसभर तेच केलं. स्थिती: उत्तम. यावेळी मनापासून टाकलं. एकही पान हलत नाही, कोपरा दुमडलेला नाही. इतकी वर्षं झाली तरी शिवण जशीच्या तशी. दुकानवाले बघत राहतील.

एक निळं पुस्तक बाजूला काढलं होतं, ठेवून घेऊ म्हणून. ऑफरसाठी एक कमी पडत होतं, तेही टाकलं.

कुरिअरवाला घेऊन गेला. हॉल एकदम मोठा दिसतोय.

३१ मार्च, सोमवार
बाबा आज येणार होते. काल ताईला फोन करून सांगितलं की खोलीला रंग चालू आहे, वास त्यांना सोसायचा नाही. ताई म्हणाली, कुठला रंग दिलास? मी म्हटलं, फिकट. ती म्हणाली, बाबा बॅग भरून बसलेत. मी म्हटलं, एक आठवडा फक्त.

फोन ठेवल्यावर जीव भांड्यात पडला. कशामुळे ते कळलं नाही. बाबा यावेत असंच तर मला वाटतंय.

४ एप्रिल, शुक्रवार. सकाळी १०.०५
दुकानाची मेल. जशीच्या तशी उतरवून ठेवतो. 'मूळ मुखपृष्ठ नाही. बाहेरून कापड चिकटवलेले. स्थिती: खराब. सर्व वस्तू नाकारल्या. आपल्या पसंतीनुसार विल्हेवाट लावण्यात आली. जमा क्रेडिट: शून्य.'

सर्व.

१०.५०
मदतनीसाशी चॅट. म्हटलं, चूक झाली आहे, ती पुस्तकं परत हवीत, खर्च माझा. तो म्हणाला, सर, तुम्ही विल्हेवाट निवडली होती. मी म्हटलं, ते सिनेमांसाठी होतं. तो म्हणाला, नेहमीसाठी, असं लिहिलंय सर. विल्हेवाट म्हणजे नक्की काय करता, विचारलं. कागद लगद्याला जातो, म्हणाला. पुठ्ठा आणि कापड आधी काढून टाकतात. मग आणखी काही मदत हवी का, असं विचारलं त्याने.

११.००
बाबांचा फोन वाजतोय. उचलला नाही.

दुपारी
हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, मला भीती वाटतेय. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस आणि काच फोडलेल्या पोरासारखी भीती वाटतेय.

संध्याकाळी ६.३०
नीट विचार केल्यावर परिस्थिती तेवढी वाईट नाही. यात दोष त्या दुकानाचा आहे. खराब म्हणे! त्यांना बाइंडिंग म्हणजे काय ते कळत नाही. त्यांच्यावर कडक अभिप्राय लिहायचा.

बायकोला सांगितलं नाही. हॉल मोकळा दिसतोय म्हणाली, तेव्हा हो म्हटलं.

६ एप्रिल, रविवार
नवा प्लॅन. बाबांना दिसत नाही. तीच पुस्तकं कुठूनतरी जुनी मिळवायची, कव्हरं फाडायची, निळं काळं कापड लावायचं. त्यांना फरक कळणार नाही. मी लहानपणी दोरा धरलेला आहे, काम डोळ्यांसमोर आहे.

दुकानात त्यातली तीन सापडली. मध्यंतरी जुने तीन गेम्स दिले होते, त्यांचं तेवढं क्रेडिट जमा होतं, ते लावलं. बाकीची हळूहळू.

९ एप्रिल, बुधवार
काल पुस्तकं आली, रात्री पहिलं बांधलं. जुन्या पडद्याचं निळं कापड, बाजारातला सरस. शिवायला सुई मोठी झाली, म्हणून शिवण गाळली आणि सरस वाढवला. सकाळी उघडून बघितलं तर पुस्तक उघडत नाही. मधली चाळीसेक पानं मिळून एकच पान झालंय. बंद असताना मात्र छान दिसतं.

हाताला सरस लागलाय, निघत नाही. मुलीने विचारलं काय चाललंय. क्राफ्ट, म्हटलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि आईशी हळू आवाजात काहीतरी बोलली.

१० एप्रिल, गुरुवार. दुपारी १.००
बाबा आले.

न सांगता. सकाळी अकराला बेल वाजली, मला वाटलं कुरिअरवाला. दार उघडलं तर बाबा, हातात छोटी बॅग. सोडायला आलेले भाऊजी खाली गाडीतूनच परत गेले. मी अर्ध्या चड्डीत. कामाच्या दिवशी, अकरा वाजता. मी म्हटलं, आज सुट्टी घेतली. ते हो का म्हणाले. अजिबात चकित झाले नाहीत. वयोमानाने असं होतं.

खोलीकडे गेले. दार अर्धंच उघडतं. त्यांनी हात आत घालून खोक्यांवरून फिरवला. एक, त्याच्यावर एक, त्याच्यावर एक. रंगाचा वास येत नाही, म्हणाले. मी म्हटलं, वासाचा नसतो तो हल्लीचा रंग. मग त्यांनी दार ओढून घेतलं आणि सोफ्यावर बसले. तुम्ही हॉलमध्ये झोपा दोन दिवस, मी म्हटलं.

संध्याकाळी ७.००
चहा घेताना त्यांनी विचारलं, पुस्तकं कुठायत?

मला काहीतरी बोलायचंच होतं. म्हणालो, बाइंडिंगला दिलीत.

बायको कप घेऊन आत निघाली होती ती दारातच थांबली. बाबा सोफ्यावर पुढे सरकून बसले. मग म्हणाले, कोणाकडे? एक आहे चांगला माणूस, मी म्हटलं. एक पुस्तक आलंय त्याच्याकडून, नमुना म्हणून, असंही म्हटलं. का म्हटलं देव जाणे. त्यांनी हात पुढे केला, तेव्हा द्यावंच लागलं.

त्यांनी पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. उघडायला गेले, उघडेना. मग माझा हात धरला, बोटांवरचा सुकलेला सरस चाचपला, आणि सोडून दिला. म्हणाले, "त्याला सांग, सरस कमी लाव. आणि शिवण टाळू नये. शिवण नसली की नुसतं चिकटलेलं असतं."

मी म्हटलं, सांगतो.

१२ एप्रिल, शनिवार
काल सकाळी साडेनऊला मी कामावर निघालो. शर्ट, पॅंट, डबा. बाबा सोफ्यावर होते. वॉशिंग मशीन चालू करण्यात आता अर्थ नव्हता. बागेत जाऊन बसलो, डबा खाल्ला, पाच वाजेपर्यंत थांबलो. बाकड्यावर दुसरा एक टाय लावलेला गृहस्थ होता. त्याच्याकडेही डबा होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

आज बायको आणि मुलगी बाहेर गेल्यावर बाबांनी मला समोर बसवलं. म्हणाले, नोव्हेंबरातच कळलं होतं. ताईने त्याच दिवशी सांगितलं. शपथ घातली होतीस म्हणून बोललो नाही, तू सांगशील म्हणून वाट बघत होतो.

मी म्हटलं, सांगणारच होतो. बिझनेसचं सांगायला सुरुवात केली, उलाढाल, चक्र. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, खोली आठवड्यात होईल बाबा, तुम्हाला आता ताईकडे जायला लागणार नाही, तिलाही जड होतं ते मला कळतं.

तेव्हा त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तिला कसलं जड? मला तिथं काही कमी नाही. स्वतःची खोली आहे, नातवंडं आहेत. तू दिवसभर घरात एकटा असतोस म्हणून येणार होतो मी."

मी बोटांवरचा सरस खरवडत बसलो.

"पुस्तकं त्यासाठीच पुढे पाठवली," म्हणाले. "म्हटलं, माझे हात आहेत, तुझे डोळे आहेत. सगळी पुन्हा सोडवून बांधू. दोन वर्षं सहज जातील दोघांची."

दुपारी ४.००
पुस्तकांचं सांगितलं. सगळं. लगदा हा शब्द नाही वापरला, गेली एवढंच म्हटलं. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, निळीसुद्धा? मी म्हटलं, हो. मग म्हणाले, जरा पडतो. सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून झोपले. झोपले नव्हते, पाय हलत होता.

१३ एप्रिल, रविवार
बाबा सकाळी गेले. भाऊजी न्यायला आले होते. तुझी इथे गडबड आहे, नंतर कधीतरी येईन, म्हणाले. चेष्टा नव्हती ती, खरंच तसं म्हणाले. बायको खाली गाडीपर्यंत त्यांचा हात धरून गेली. मी बॅग घेतली. बॅगेत काहीच वजन नव्हतं. कायमचं येणारं माणूस एवढीशी बॅग आणतं का, असं आता वाटतं.

गाडी गेल्यावर बायको जिन्यात म्हणाली, "थांबा एवढं म्हणायचं होतंस." मी म्हटलं, झोपायला जागा कुठे होती. ती पुढे चढून गेली.

खरं तर सोफा होता.

१४ एप्रिल, सोमवार. सकाळी १०.४५
भंगारवाल्याला बोलावून मागची खोली रिकामी केली. गेम्स, सिनेमे, पुस्तकं, मिश्र संच, सगळं. तासाभराचं काम होतं. ॲप काढून टाकलं. फरशी पुसली. खिडकी उघडते, हे विसरलोच होतो.

बाबांना फोन करून सांगायचं की खोली झाली, खरंच झाली, या. अकराला त्यांचा येईलच, तेव्हाच बोलू.

११.२५
आला नाही.

११.४०
मीच केला. बोल, म्हणाले. मागे नातवंडांचा आवाज येत होता. काय करतोयस, विचारलं. मला म्हणायचं होतं की खोली रिकामी आहे, मी एकटा आहे, तुम्ही या. तोंडातून आलं, काही नाही, कामाची जरा गडबड आहे. हो का, चांगलं आहे, म्हणाले. फोन ठेवला नाही त्यांनी. वाट बघत होते बहुतेक. मीच ठेवला.

मग खोलीत जाऊन फरशीवर बसलो. काही काम नव्हतं.